मुलाकडची कोंबडी

शिवणाच्या दुकानातून,
६ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

फोन सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसलीय, असं तुम्हाला वाटेल. अहो, फोन केला की जावईबापू बटण दाबून सगळ्या घराला ऐकवतात. मी 'कशी आहेस गं' म्हणायच्या आत तिकडून तिघांचे आवाज येतात, आणि लेक 'मी मस्त आहे' म्हणून मोकळी होते. ती लहानपणी गुडघा फोडून आली तरी 'मी मस्त आहे' म्हणायची. तेव्हा जे खरं विचारायचं ते कागदावरच विचारलेलं बरं.

डॉक्टरांनी पोटातल्या बाळासाठी तिला जपायला सांगितलं आणि तुम्ही रातोरात बॅग भरून गेलात. मला नाही येता आलं. बँडवाल्यांच्या गणवेशांची ऑर्डर अंगावर, दुकानात मी एकटी. याचं मला किती वाईट वाटतं ते सांगत नाही, पण वाटतं. म्हणून तर आपलं ठरलं ना, की तुम्ही माझी लेक सांभाळायची आणि मी तुमची कोंबडी.

तर फौजदारीण उत्तम आहे! तुम्ही तिला हे नाव का ठेवलंत ते पहिल्याच दिवशी कळलं. आल्या आल्या बाईंनी माझं अख्खं अंगण तपासलं, बादलीत डोकावून पाहिलं, मग दुकानात शिरून एका गिऱ्हाइकाकडे अशी रोखून बघत राहिली की ती बाई माप न देताच 'उद्या येते' म्हणून निघून गेली.

निघताना तुम्ही म्हणालात, तिला विशेष काही लागत नाही, कोरडी जागा आणि मूठभर दाणे. हा तुमचा मोठेपणा. पण मुलाकडची कोंबडी पहिल्यांदा आमच्या दारात आली आणि तिला नुसत्या गवतावर बसवायचं? मला नाही जमायचं ते. मी रीतसर तिचं माप घेतलं आणि टोपलीत बसेल अशी मऊ गादी शिवली. वरून मखमल. तुमच्या घरी नसेल असा थाट आहे.

आता सहज विचारते. कोंबड्या दिवसाढवळ्या उभ्या उभ्या डुलक्या काढतात का? पिसं फुगवून? आणि दाणा चोचीत घेऊन परत खाली टाकतात का? अंडं द्यायचं मध्येच विसरतात का? सहजच हो. माहिती असावी म्हणून.

लेकीचं सविस्तर लिहा. काय खाते, किती खाते, सगळं.

तुमची विहीण,
मुलीची आई


लेकाच्या घरून,
१० नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

माझी सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली. कोण विनातिकीट आहे ते मला पाठीवरून कळायचं. जो उगाच खिडकीबाहेर बघत शीळ घालतो, तोच. तुमचं 'सहजच हो' वाचलं आणि मला ती शीळ ऐकू आली.

कोंबडी आजारी आहे ना? सरळ सांगा. मी रागावणार नाही. उत्तरं खोटी आली तर मात्र रागावेन. खाली विचारते त्याची एकेक करून उत्तरं द्या, गर्दी करू नका.

ती दिवसभर टोपलीत ठाण मांडून बसते का? हात घातला की गुरगुरते, टोचते का? तसं असेल तर ती खुडूक झालीय. म्हणजे तिला अंडी उबवायची हुक्की आलीय. हा आजार नाही, हा हट्ट आहे. टोपली उचलून ठेवा, आपोआप उतरेल.

बसत नसेल तर तुरा बघा. लाल आहे की फिकट पडलाय? पिसांखाली उवा आहेत का? शीट कशी आहे, पातळ की घट्ट? तुम्ही नाक मुरडाल, पण बघा. चालताना लंगडते का? तोंडाला वास येतो का?

आणि एक. फोनवर यातलं काही बोलायचं नाही. सूनबाईचा त्या कोंबडीवर भारी जीव आहे. डॉक्टरांनी तिला काळजी करायची नाही म्हणून बजावलंय.

सूनबाई छान आहे. खाते, पिते, झोपते.

मुलाची आई


शिवणाच्या दुकानातून,
१३ नोव्हेंबर

विहीणबाई,

पकडलंत! जाऊ द्या, एकदा पकडल्यावर मला बरंच वाटलं. गेला आठवडा माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. तुम्ही माझ्या लेकीसाठी धावत गेलात आणि माझ्या हातून तुमची एक कोंबडी सांभाळली जाऊ नये? कुठल्या तोंडाने मी तुमच्याकडे लेकीची चौकशी करायची?

आता उत्तरं. टोपलीत ठाण मांडून बसत नाही. गुरगुरत नाही. इथला पेपरवालाही 'खुडूक आहे' म्हणाला होता, पण तो कुठल्याही कोंबडीला खुडूकच म्हणतो. तुरा फिकट आहे, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखा. उवा नाहीत, मी चष्मा लावून, दिव्याखाली धरून पिसांचा थर न् थर उलगडून पाहिला. तिने मला एकदाही टोचलं नाही आणि तेच मला आवडलं नाही. शीट अगदी थोडी. नाक मुरडलं, पण पाहिलं. लंगडत नाही. तोंडाला जरा आंबूस वास येतो. अंडं नाही.

पण एक गंमत सांगू? ती वाळलेली नाही, उलट भरलीय! गादीसाठी घेतलेलं माप माझ्याकडे होतंच, म्हणून काल पुन्हा टेप लावली. गळ्याच्या खाली, छातीवर, चांगली दोन बोटं वाढलीय. मी म्हटलं, बघा, माझ्या घरचं अन्न अंगी लागलं. फक्त एक कळत नाही. उचलली तर हाताला पूर्वीपेक्षा हलकी लागते, आणि पाठीचं हाड बोटांना टोचतं. पुढून घट्ट आणि मागून ढगळ, असलं माप मी आयुष्यात घेतलेलं नाही.

तुमच्या कोंबडीबद्दल मी दोन-दोन पानं लिहिते, आणि माझ्या लेकीबद्दल तुमची एक ओळ! 'खाते, पिते, झोपते.' अहो, हे मी गिऱ्हाइकाला सांगते तसं झालं, की 'होतंय, होतंय, झालंच'. तेव्हा कापड अजून कापलेलंही नसतं.

मुलीची आई


लेकाच्या घरून,
१६ नोव्हेंबर

विहीणबाई,

ती भरलेली नाही. ती तुंबलीय.

नीट वाचा. कोंबडीला गळ्याखाली एक पिशवी असते. मिळेल ते ती आधी त्या पिशवीत भरून घेते आणि मग रात्रभरात ते हळूहळू खाली पोटात उतरतं. संध्याकाळी पिशवी टम्म असते, सकाळी रिकामी. रिकामी व्हायलाच पाहिजे. शेवटच्या स्टॉपला गाडी खाली होते तशी.

उद्या सकाळी उठल्या उठल्या, दाणे टाकायच्या आधी, तिला काखेत धरा आणि छातीच्या उजव्या बाजूला चाचपा. काही हाताला लागलं नाही तर मी चुकले. कणकेच्या गोळ्यासारखं कडक लागलं, तर काहीतरी अडकलंय. ते अडकलं की वरून खाल्लेलं खाली जात नाही, आणि कोंबडी भरल्या गळ्याने उपाशी राहते. म्हणून पुढून घट्ट, मागून ढगळ. तुमच्या टेपने बरोबर पकडलं होतं. अर्थ तेवढा तुम्ही लाडाने लावलात.

अडकलं असेल तर दाणे बंद. फक्त पाणी. चोचीत गोडं तेल चार-पाच थेंब, आणि मग गोळा बोटांनी हलके हलके चोळायचा. उलटी धरून हलवायची नाही, गुदमरेल. कोणी शहाणा सांगेल तसं करायला, त्याचं ऐकू नका. दोन दिवसांत उतरलं नाही तर सरळ जनावरांच्या दवाखान्यात.

आणि तिने काय खाल्लं ते शोधा. लांब गवत, दोरी, प्लास्टिक, काहीतरी आहे.

तिला वाचवा हो. निवृत्त झाल्यावर घरी बसले तेव्हा दिवसभर मला कोणी हाक मारणारं नव्हतं. सकाळी दार उघडलं की ही तेवढी ओरडत यायची. मी माणसांपुढे हे बोलत नाही, हसतात.

तुम्ही कोंबडीचं खरं सांगितलंत, म्हणून मीही सांगते. सूनबाई थोडं कमी खाते.

मुलाची आई


शिवणाच्या दुकानातून,
१९ नोव्हेंबर

विहीणबाई,

गोळाच आहे. कडक. लिंबाएवढा म्हणावा तर त्याहून मोठाच.

 आणि काय खाल्लं ते शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. टोपलीत हात घातला आणि कपाळावर मारून घेतला. गादी! कोपऱ्यात एक टीप उसवलीय, आणि तिथून आतलं निम्मं भरण गायब. आत मी काय भरलं होतं? दुकानातलं कातरण आणि दोऱ्याचे तुकडे. तेही निवडून निवडून मऊ, रेशमी. एकेक दोरा ओढून काढायचा आणि गिळायचा, हा उद्योग बाईंनी रोज केला असणार. मी मशीनवर बसून कौतुकाने बघत होते, की कशी रमलीय गादीवर!

विहीणबाई, तुम्ही कोरडी जागा म्हणाला होतात. मी मखमल दिली. मुलाकडच्यांना काही उणं पडू नये, हे आमच्या हाडात इतकं मुरलंय की कोंबडीलासुद्धा मी पाहुणी करून ठेवली. आणि माझ्याच हातच्या शिवणकामाने तिचा गळा आवळला. किती लाज वाटतेय ते लिहिता येत नाही.

तेल पाजलं. चोळलं. दाणे बंद आहेत. ती माझ्या मांडीवर गप्प पडून राहते, आणि मी एका हाताने चोळते, दुसऱ्याने बँडवाल्यांची बटणं लावते. गोळा जरा मऊ झाल्यासारखा वाटतो आणि परत तसाच. उद्यापर्यंत बघते.

आता तुमचं. 'थोडं कमी खाते' म्हणजे किती? मला मापात सांगा. कधीपासून? नुसती बसून असते का? बोलते का? बोलताना तुमच्याकडे बघते की खिडकीकडे? तुम्ही विचारलंत तर 'नंतर' म्हणते की 'काही नको' म्हणते? मला खोटं नको. मी कोंबडीची शीटसुद्धा बघितलीय तुमच्यासाठी.

मुलीची आई


लेकाच्या घरून,
२३ नोव्हेंबर

विहीणबाई,

'काही नको' म्हणते. खिडकीकडे बघून.

आता सगळंच सांगते. वजन वाढत नाहीये. आधी वाढत होतं, मी आल्यापासून थांबलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे, पण आईच्या अंगाला लागलं पाहिजे, नाहीतर पुढच्या खेपेला दाखल करून घ्यावं लागेल. हे मी तुम्हाला कळवलं नाही. म्हटलं, दोन-चार दिवसांत खायला लागेल, मग कळवू. तुमचीच शीळ मी घालत होते.

मी काय कमी केलं ते मला समजत नाही हो. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, जड उचलू नका, दुपारी पडा. मी म्हटलं, दुपारीच कशाला, दिवसभर पडू दे. मुलीकडच्यांना वाटायला नको की सुनेला राबवते. तिला पलंगावरून उतरू देत नाही. स्वयंपाकघराच्या दारात मीच उभी, आली की परत पाठवते. तीन वेळा भरलेलं ताट तिच्या पुढ्यात नेऊन ठेवते आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहते. ती दोन घास खाते, ताट सरकवते, भिंतीकडे तोंड करते. परवा तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, काय झालं? 'मी मस्त आहे.'

माझं डोकं चालेनासं झालंय. शंभर माणसं भरलेली गाडी मी एका हाकेत पुढे सरकवायचे. इथे एका पोरीपुढे मी हात टेकले.

फौजदारिणीचं काय? आज दिवसभर दारात पोस्टमनची वाट बघत होते.

मुलाची आई


शिवणाच्या दुकानातून,
२५ नोव्हेंबर

विहीणबाई,

आधी फौजदारीण, कारण तुम्ही दारात उभ्या असाल. वाचली! आता श्वास घ्या आणि पुढचं वाचा.

तेलाने भागलं नाही. गोळा हटेना आणि ती मान टाकायला लागली, तेव्हा दुकानाला कुलूप घातलं आणि पिशवीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरणे आहेत, पण हात शांत. चाचपलं आणि म्हणाले, कापून काढावं लागेल, तुम्ही बाहेर बसा. मी म्हटलं, मी बाहेर बसणार नाही, ही मुलाकडची आहे. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी मला तिचे पाय धरायला दिले.

गळ्याची ती जागा बधिर केली, बोटभर चीर दिली आणि चिमट्याने ओढायला लागले. विहीणबाई, काय निघालं म्हणून सांगू! निळा रेशमी, पांढरा, परत निळा, मग मास्तरीण बाईंच्या झंपराचं अस्तर, आणि शेवटी बँडवाल्यांच्या गणवेशाची सोनेरी किनार! ती किनार मी आठवडाभर शोधत होते आणि बँडमास्तरला 'तुम्ही कमीच दिलीत' म्हणून भांडले होते. डॉक्टर म्हणाले, 'हे सगळं तुम्ही ओळखता?' म्हटलं, ओळखते, सगळं माझंच आहे. आणि मला रडूच कोसळलं. त्यांनी चिमटा खाली ठेवून मला पाणी दिलं. कोंबडी तशीच टेबलावर.

मग ते टाके घालायला लागले आणि माझं तोंड काही गप्प राहीना. म्हटलं, डॉक्टर, टाका सैल पडतोय. ते म्हणाले, बाई, कापड सुजत नाही, कातडी सुजते, आवळून शिवलं तर फाटेल. बरोबर बोलले. मी कानाला खडा लावला आणि गप्प बसले. गाठ मात्र माझ्याच पद्धतीची मारली त्यांनी, ते मी पाहून ठेवलं.

आता ती अंगणात आहे, साध्या गवतावर. मऊ भात चमचा-चमचा देते. काल संध्याकाळी मला टोचलं. चांगलं कडकडून. मला इतका आनंद झाला की शेजारणीला बोलावून बोट दाखवलं.

आता माझ्या लेकीचं. आधी तुमच्यावर जरा रागावते आणि मग पुढे जाते. वजनाचं मला का नाही कळवलं? झालं, रागावले. आता ऐका.

तिला भरलेलं ताट पुढ्यात ठेवलं की तिचा गळा बंद होतो. लहानपणापासून. आणि समोर कोणी बसून बघायला लागलं तर संपलंच. मी तिला वाढवली ती मशीनवर बसून. ताट वाढून समोर बसायला मला वेळच कुठे होता? ती स्वयंपाकघरात खाली बसायची, भाजी चिरायची आणि चिरता चिरता खायची. गाजर, काकडी, शेंगा, पातेल्यातला भात, डब्यातलं काहीबाही. जेवायच्या वेळेला तिचं जेवण झालेलं असायचं. तिला कधी 'खा' म्हणावं लागलं नाही. हाताला काम असलं की तिचं तोंड चालतं, हात रिकामा राहिला की तोंडाला कुलूप.

आणि तुम्ही तिला पलंगावर बसवलंत आणि स्वयंपाकघराच्या दारात पहारा ठेवलात! अहो, ही तर माझीच गादी झाली.

जड उचलू देऊ नका, दुपारी पडू द्या, डॉक्टरीण बाईंचं सगळं पाळा. आधी त्यांना विचारून घ्या, बसून भाजी चिरली तर चालेल का. त्या 'हो' म्हणाल्या की तिला एक खुर्ची, एक सुरी आणि टोपलीभर भाजी द्या. आणि तिच्याकडे बघू नका. एवढं तेवढं जमवा. तुमच्या नजरेतून म्हणे पाठमोरासुद्धा सुटत नाही, त्याची मला धास्ती वाटते.

मुलीची आई


लेकाच्या घरून,
८ डिसेंबर

विहीणबाई,

उशीर झाला. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

'वाचली' हा शब्द वाचून मी दारातच खाली बसले. पोस्टमन घाबरला. त्याला वाटलं, कोणी गेलं.

डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'बसून भाजी? अहो, मी कधी नको म्हटलं होतं?' मी तडक उठले. घरी आले, खुर्ची मांडली, गाजरं ठेवली, आणि सूनबाईला म्हटलं, माझी कंबर धरलीय, जरा चिरून दे. कंबर चांगली ठणठणीत आहे. ती आली. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. काय करावं सुचेना, म्हणून भिंतीकडे बघत एका प्रवाशाची गोष्ट सांगायला लागले, जो झोपेत दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला आणि उतरल्यावर त्या दुसऱ्याच्याच घरी जेवायला गेला. मागून कच्चकन गाजर चावल्याचा आवाज आला. विहीणबाई, मी आयुष्यात इतका चांगला आवाज ऐकला नाही. मागे वळून बघायचं नाही म्हणून मी पुढची गोष्ट सुरू केली.

रोज तेच चाललंय. मी भिंतीला बसच्या गोष्टी सांगते, ती चिरते आणि खाते. घरात रोज इतकी भाजी होते की लेक म्हणतो, आपण खानावळ काढलीय का? काल दवाखान्यात गेलो. वजन वाढलंय. दाखल करायची गरज नाही. डॉक्टरीण बाई हसल्या.

हे झालं चांगलं. आता दुसरं लिहिते ते रागावू नका.

सगळं दिसायला लागल्यावर मला झोप लागेना. इतके दिवस ती पोर माझ्या धाकाने उपाशी होती. माझ्यापुढे ताट, ताटापुढे ती आणि दारात मी. तिला जे पाहिजे होतं ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत, कारण तुम्ही तिच्या आई आहात. मला माणसं जागेवर बसवता येतात, त्यापलीकडे काही येत नाही. पुढचे महिने नाजूक आहेत. माझ्या हातून पुन्हा काही चुकलं तर?

म्हणून म्हणते, आपण ड्यूटी बदलू. तुमची ऑर्डर आता संपली असेल. तुम्ही इकडे या, लेकीपाशी राहा. मी घरी जाते आणि फौजदारिणीला बघते. तुमचं दुकानही रोज उघडून झाडून घेईन. मी बॅग काढून ठेवलीय. लेकाला अजून सांगितलं नाही, तुमचं उत्तर आलं की सांगेन.

मुलाची आई


शिवणाच्या दुकानातून,
१२ डिसेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला! लेकीपाशी जायला मिळणार म्हणून मी उभ्या उभ्या साड्यांची घडी घालायला घेतली. गणवेश गेले, बँडमास्तरची माफीही मागून झाली, मला आता कोण अडवतंय?

मग काल दुपारी लेकीचा फोन आला. तुम्ही बाजारात गेला होतात. तिने बटण न दाबता केला होता, पहिल्यांदाच. मी म्हटलं, अगं, मी येतेय, तुझ्या सासूबाई इकडे येतील, आता आपण दोघीच. वाटलं, पोर उडी मारेल.

पण कसलं काय!  उलट म्हणाली, 'त्या का जातायत? मी काही बोलले का त्यांना?' म्हटलं, नाही गं, त्यांनाच वाटतं की तुला आई हवी. तर म्हणते, 'तू ये ना. पण त्या गेल्या तर भाजी चिरताना मला गोष्टी कोण सांगणार? त्यांची कंबर दुखत नाही, मला माहितीय. रोज माझ्यासाठी भिंतीकडे तोंड करून तासभर उभ्या असतात, आई. मला त्यांना बसा म्हणायची लाज वाटते, कारण बसल्या तर त्या वळतील, आणि वळल्या तर मला रडू येईल.' आणि रडायलाच लागली. छान, मोकळं. मी मशीनवर डोकं टेकून इकडे.

विहीणबाई, क्षणभर मला हेवाच वाटला हो. माझ्या पोरीला दुसऱ्या कोणाचा इतका लळा लागावा! मग मला माझंच हसू आलं. यासाठीच तर आपण त्यांचं लग्न लावलं ना?

आणि चुकण्याचं काय घेऊन बसलात? मी तुमची कोंबडी जवळजवळ मारलीच होती. तुम्ही मला म्हणालात का, की कोंबडी परत द्या? उलट काय चाचपायचं, कुठे चाचपायचं ते शिकवलंत. मग मी तुम्हाला घरी कशी पाठवू? पुन्हा चुकलात तर लिहा. मी चुकले तर मीही लिहीन.

तेव्हा ड्यूटी बदलायचं नामंजूर. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतेय, फौजदारिणीला घेऊन. तिचे टाके निघाले, तुरा लाल झालाय, आणि आज तिने अंडं दिलं. तिकडे घरामागच्या अंगणात तिच्यापुरतं साधं गवत टाकून ठेवा. दुकान महिनाभर बंद राहील, पाटी मी लावलीय.

तुम्ही ती बॅग आधी रिकामी करा. आणि स्वयंपाकघरात आणखी दोन खुर्च्या मांडून ठेवा, एक मला आणि एक तुम्हाला.

तुमची,
मुलीची आई